अर्ध्या आण्याचे तिकीट आणि फुकटचे वायफाय

१८५४ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थानात टपालाचा नवा नियम लागू झाला. हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हजार मैल दूर. त्याआधी दर अंतरावर ठरत असे आणि गाव जितके आडबाजूला तितके पत्र महाग पडे. या नियमाने मुंबईचा पेढीवाला आणि वऱ्हाडातला कुणबी एकाच दराच्या रांगेत उभे राहिले. दूरच्या गावाला पत्र पोचवण्याचा जादा खर्च कोणी सोसायचा, तर सगळ्यांनी मिळून. सार्वजनिक सेवा म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला तरी कुठे सापडलेली नाही.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे हल्ली गावोगाव विचारला जाणारा एक प्रश्न. ग्रामपंचायतीने गावात फुकट वायफाय द्यावे का? कोणी म्हणते, द्यायलाच हवे, जग कुठल्या कुठे गेले. कोणी म्हणते, आधी नळाला पाणी द्या, मग वायफायचे बघू. दोन्ही बोलणी खरी आहेत. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. गेली बरीच वर्षे सवड मिळेल तसा मी जुनी गॅझेटिअरे, अहवाल आणि कायदे वाचत आलो आहे. त्या वाचनातून एक गोष्ट पक्की झाली: हा प्रश्न नवा नाही. पत्र, पुस्तक, रेडिओ, टेलिफोन या प्रत्येकाच्या वेळी तो विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी मिळालेले उत्तर आज उपयोगी पडेल असे आहे.

सरहद्दीवरचे गाव

धाड हे बुलढाणा तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या अगदी कडेला. पलीकडे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो. आज ही रेषा विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली आहे. शंभर वर्षांपूर्वी ती दोन राजवटींमधली होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. मराठवाडा मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला. त्यामुळे या भागात कोसा-दोन कोसांवर सरकार बदले. करोडगिरीचा नाका आडवा येई. नाणे वेगळे. आणि टपालही वेगळे: हैदराबाद संस्थानाची स्वतःची टपालव्यवस्था होती, स्वतःची तिकिटे होती. या बाजूला इंग्रजांचे तिकीट, त्या बाजूला निजामाचे. लेक पलीकडच्या गावी दिलेली असली तरी तिचे पत्र दुसऱ्या राज्याच्या शिक्क्याने निघे.

निरोपाची वाट कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न म्हणूनच या भागाला पुस्तकातला नाही, घरातला आहे.

दुसरी एक गोष्ट नकाशाकडे पाहिले की कळते. १८६० च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे लोहमार्ग गेला तो मलकापूर, नांदुरा, शेगाव या वाटेने. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि खामगावची रेल्वे शाखा सुरू झाली. कारण उघड होते. खामगावचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा होता. जिथे कापूस होता तिथे रूळ गेले, तारा गेल्या, लिव्हरपूलचा भाव आला. बुलढाणा जिल्ह्याचे ठाणे असूनही त्याला रेल्वे मिळाली नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी आहे. याला मी कोणाचा कट म्हणणार नाही. धंदा जिथे आहे तिथे धंदेवाईक सोय आपण होऊन जाते. उरलेल्या गावांसाठी कोणी तरी ठरवून न्यावी लागते, आणि ते ठरवणारे कोण, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

बडोद्याचा तिसरा हिस्सा

या प्रश्नाला मला सापडलेले सर्वांत चोख उत्तर एका मराठी राजाचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. लवकरच एक अडचण पुढे आली. शाळा सोडलेले मूल चार वर्षांत अक्षर विसरते, कारण घरी वाचायला काहीच नसते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि गावोगाव मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांत भरलेली पुस्तके फिरत.

यातली पैशाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. वाचनालय हवे असलेल्या गावाने एक हिस्सा उभा करायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच संस्थानाने. गावाने काही न देता वाचनालय मिळत नसे आणि गावाने दिले तर सरकारला मागे हटता येत नसे. वाचकाला पुस्तक फुकट होते, पण वाचनालय फुकटचे नव्हते. त्यात गावाचे पैसे होते, म्हणून गाव त्यावर लक्ष ठेवून असे.

त्याच सुमारास नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्याचाही पाया हाच: आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला, आणि खर्च संस्था व सरकार यांनी वाटून घ्यायचा. पुढच्या वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. इतक्या मोठ्या देशात हे परवडणार नाही, लोकांची तशी मागणीही नाही, हे तेव्हाचे मोठे आक्षेप होते. वायफायविषयी आज ऐकू येणारी वाक्येही जवळपास हीच आहेत.

स्वातंत्र्यानंतर ग्रंथालयांच्या बाबतीत राज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने स्थानिक करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. संस्थांनी वाचनालय चालवायचे आणि सरकारने वर्गवारीनुसार अनुदान द्यायचे, अशी आपली रीत. त्यामुळे आपल्याकडे वाचनालये पुष्कळ झाली, पण त्यांचा श्वास अनुदानाच्या हप्त्याला बांधलेला राहिला.

रेडिओ आणि वीस माणसे

बिनतारी हा शब्द आपल्या खेड्यांत प्रथम आला तो रेडिओबरोबर. आज बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला एक प्रयोग १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन झाली. प्रत्येक मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी एकत्र बसायचे, कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली होती: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओही नाही अशी. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे त्या मानाने फारच थोडी. म्हणजे यंत्र गावात येणे हे अर्धेच काम. त्याच्याभोवती माणसे बसली, एक जण निमंत्रक म्हणून जबाबदार राहिला, ठरलेली वेळ पाळली गेली, तेव्हा यंत्राचे चीज झाले. आज प्रत्येक योजनेच्या उद्घाटनाच्या दिवशी हा अहवाल भिंतीवर लावावा असे मला वाटते.

पिवळ्या पाटीचा टेलिफोन

माझ्या पिढीला एसटीडी-पीसीओचा काळ चांगला आठवतो. बसस्थानकाजवळ पिवळी पाटी, काचेचा खोका, लाल आकड्यांनी पळणारे मीटर, आणि रात्री दर उतरला की लागणारी रांग. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदांनी तिची धुरा घेतली. धूळ आणि उष्णता सोसणारे, वातानुकूलन नसतानाही चालणारे छोटे ग्रामीण एक्सचेंज तिने तयार केले. त्यातले पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसले. पण घरोघर टेलिफोन देणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणून एक टेलिफोन दुकानदाराच्या हाती द्यायचा, त्याला कमिशन द्यायचे आणि तो सगळ्यांना खुला ठेवायचा, ही युक्ती निघाली. अनेक ठिकाणी ही केंद्रे अपंग व्यक्तींना देण्यात आली.

पीसीओ फुकट नव्हता. तरीही तो सार्वजनिक होता: कोणीही जाऊ शकत असे, दर सर्वांना एकच होता आणि बंद पडला तर ओरडायला समोर माणूस होता. फुकट आणि सार्वजनिक या दोन शब्दांची आपण नेहमी गल्लत करतो. पुढचा सारा इतिहास या गल्लतीचा आहे.

बिनतारी शहरांची लाट

जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झ हा लहरपट्टा परवान्याशिवाय वापरायला खुला केला. वायफायचा रस्ता मोकळा झाला. पुढच्याच वर्षी पुणे महापालिकेने इंटेल कंपनीच्या साथीने सबंध शहर बिनतारी करण्याची योजना जाहीर केली. तेव्हा जगभर हेच वारे होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महापौरांनी २००४ मध्ये अशीच घोषणा केली होती. अर्थलिंक नावाच्या कंपनीने स्वखर्चाने जाळे उभारायचे असे ठरले. पुरेसे ग्राहक मिळेनात, तेव्हा २००८ मध्ये कंपनी बाजूला झाली. पुण्याची योजनाही जाहीर झाली त्या रूपात शहरभर पसरली नाही.

२००८ सालीच दुसरा धक्का बसला. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आणि त्यानंतर अतिरेक्यांनी पाठवलेले ईमेल नवी मुंबई आणि मुंबईतल्या दुसऱ्यांच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे निघाले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे. आज मोबाइलवर येणारा ओटीपी टाकल्याशिवाय वायफाय लागत नाही, त्याचे मूळ इथे आहे. अनोळखी माणसाला नाव न विचारता पाणी देणारी पाणपोई वायफायला होता येणार नाही, हे तेव्हाच ठरून गेले.

वारणा आणि हरिसाल

शहरांच्या आधीच महाराष्ट्रात एक ग्रामीण प्रयोग झाला होता. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांत केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून संगणक केंद्रे काढली. गावकऱ्यांना जगाची माहिती मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य वापर झाला तो उसाची नोंद, तोडणी, वजन आणि बिल यांसाठी. काही अभ्यासकांना हे अपयश वाटले. मला तसे वाटत नाही. ज्या कामाला गावात रोजची गरज होती आणि ज्याच्यामागे गावाची स्वतःची संस्था होती, ते काम टिकले. पुढे संशोधकांनी तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले आणि तेही चालले.

हरिसालची गोष्ट उलट्या अंगाची. मेळघाटातले, अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातले हे गाव २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांचा उपक्रम. वायफाय, दूरवैद्यक, डिजिटल शाळा. २०१९ च्या लोकसभा प्रचारात याच गावाचा व्हिडिओ राज ठाकरे यांनी सभेत लावला आणि हरिसाल खरोखर डिजिटल आहे का, यावर राज्यभर दावे-प्रतिदावे झाले. त्या वादात कोण किती खरे, हा माझा विषय नाही. मला खटकले ते एवढेच की हरिसालविषयी मुंबई बोलली, सोलापूरची सभा बोलली. हरिसालची ग्रामसभा काय म्हणते, हे कोणी फारसे विचारले नाही. जाळे गावाचे असते तर तो प्रश्न पहिला विचारला गेला असता.

२०१६ नंतर

२०१६ हे वर्ष या इतिहासातला उतार आहे. जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांचे मोफत वायफाय सुरू झाले. अडीच वर्षांत ते ४०० स्थानकांवर गेले. फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ठरावीक संकेतस्थळेच फुकट दाखवणाऱ्या योजनांना बंदी घातली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ त्यात बसली. फुकट देणारा तुम्ही काय पाहायचे हेही ठरवत असेल तर ते फुकट नव्हे, हा त्या निर्णयाचा अर्थ. आणि सप्टेंबरात जिओ आले. महिन्याला एखादा जीबी जपून वापरणारा देश रोज एक जीबी वापरू लागला.

जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी वायफाय सुरू केले. पण मोबाइलवरच डेटा स्वस्त झाल्यावर लोकांना त्याची निकड उरली नाही. २०२० मध्ये गूगलने स्थानकांवरून हात काढून घेतला. रेलटेलने सेवा चालू ठेवली आणि ती हजारो स्थानकांवर नेली. धाडला रेल्वे नाही. त्यामुळे त्यातले आमच्या वाट्याला काही नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणांचे लक्ष्य होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिची कल्पना सरळ पीसीओवरून घेतलेली आहे: ‘पब्लिक डेटा ऑफिस’. किराणा दुकानदार असो की ग्रामपंचायत, परवाना आणि शुल्क न देता कोणीही ते काढू शकतो. तरीही संख्या लाखांतच अडकली. एक कारण असे की कंपन्या अशा केंद्रांकडून घरगुती जोडणीच्या अनेक पट दर मागत. जून २०२५ मध्ये ट्रायने त्याला आळा घातला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. गावासाठी ही बातमी मोठी होती, पण गावात ती फारशी पोचली नाही.

डेटा स्वस्त आहे, मग कशाला?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट असताना पंचायतीने पुन्हा वायफाय का द्यावे? माझे उत्तर एका वाक्यात असे: सरकारने आपले कार्यालय आपल्या मोबाइलमध्ये आणून बसवले आहे आणि त्याचे भाडे मात्र आपण भरतो आहोत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पेरा लिहून घेई. आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो चढवायचा. नोंद नसेल तर पुढे नुकसानभरपाई आणि हमीभाव खरेदीच्या वेळी अडते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ या अॅपवरून भरले गेले, २०२५ मध्ये तिची ई-केवायसी आली. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. धाडच्या मुलीला धाडच्याच महाविद्यालयात जायचे असले तरी अर्ज संकेतस्थळावरच. ही कामे चैनीची नाहीत. ती हक्काची आहेत आणि त्यांच्या दारावर आता इंटरनेटची कडी आहे.

खिशातल्या इंटरनेटचे दुसरे अंग असे की घरात फोन बहुधा एकच चांगला असतो आणि तो घरच्या कर्त्याबरोबर शेतात जातो. रोजचा डेटा रोज संपतो. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर दहा ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढवले. ज्या घरात चार फोन आहेत तिथे ही वाढ चौपट लागते. पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला तासन्‌तासांचे व्याख्यान पाहायचे असते. तेव्हा दीड जीबी दुपारीच आटतो. टाळेबंदीत हे सर्वांनी पाहिले. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळसारख्या पाड्यांवर २०२० मध्ये एका संस्थेला भोंग्यावरून ‘बोलकी शाळा’ भरवावी लागली, कारण रेंज नव्हती आणि फोनही नव्हते.

दुसरा आक्षेप मुले बिघडतील हा. त्यात तथ्य आहे. जुगाराची अॅपे आणि रिळांचे व्यसन गावात कोणाला माहीत नाही? पण बिघडवणारे इंटरनेट घरात आधीच पोचले आहे. पंचायतीने वायफाय न दिल्याने ते जाणार नाही. उलट पंचायत काय करू शकते, याचा धडा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दिला. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे. कायद्याचा बडगा नाही. गावाने एकत्र बसून घेतलेला निर्णय. इंटरनेट कधी लावायचे आणि कधी मिटवायचे, दोन्ही गोष्टी गाव ठरवू शकते. पण ठरवण्याची सवय गावाला हवी.

पैसा कुठून?

पाण्यावाचून वायफाय कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. पण हिशेब नीट पाहू. २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवलेला होता; त्याला हात लावता येत नव्हता आणि लावूही नये. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येत होता. एका फायबर जोडणीचे घरगुती बिल महिन्याला काही शेकड्यांत असते. ट्रायच्या नव्या आदेशाने सार्वजनिक केंद्राला ते फार तर दुप्पट. गावाच्या मानाने ही रक्कम डोंगराएवढी नाही.

शिवाय आपण आधीच पैसे भरले आहेत. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला पाच टक्के हिस्सा सार्वत्रिक सेवा निधीत जातो. तो शेवटी ग्राहकाच्या रिचार्जमधूनच येतो. याच निधीतून २०११ मध्ये मंजूर झालेली फायबरची योजना, आजची भारतनेट, चालली. २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्याला सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले आणि त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याने निधीचे नाव डिजिटल भारत निधी केले. अर्ध्या आण्याच्या तिकिटाचे तत्त्व कागदावर अजून जिवंत आहे. पण केबल पंचायतीच्या भिंतीपर्यंत येणे आणि तिच्यातून माणसाला काही मिळणे यांत जे अंतर आहे, ते दिल्लीतून ओलांडता येत नाही.

मोबाइल टॉवरच्या कराचा मार्गही काही जण सुचवतात. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असे म्हटले. पण २०२३ च्या कायद्यात दूरसंचाराची यंत्रणा ज्या मालमत्तेवर उभी आहे तिचा भाग मानू नये, मालमत्ता करासाठीही नाही, असे कलम आले आहे. त्यामुळे या उत्पन्नावर भरवसा ठेवून कायमचा खर्च उभा करणे शहाणपणाचे होणार नाही.

धाडपुरते

इतक्या वाचनानंतर मला धाडसारख्या गावासाठी सबंध गावावर वायफायचे छत नको आहे. ते महाग पडते आणि कोणाचेच राहत नाही. मला हवी आहे एकच जागा: वाचनालय, शाळेची खोली किंवा पंचायतीचे सभागृह. तिथे टेबल-खुर्च्या, दोन संगणक, वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे दार. मुलींना निर्धास्त बसता येईल असा उजेड आणि शेजार. एक मानधनावरचा माणूस किंवा बाई, जी म्हाताऱ्याला ई-पीक पाहणी भरून देईल आणि ओटीपी कोणाला सांगू नका हेही बजावील. १९५६ च्या मंडळातला निमंत्रक तो हाच.

वापरणाऱ्याला हे फुकट असावे. गावाला मात्र ते फुकट नसावे. कंपनीची भेट, आमदार-खासदार निधीतला एकदाचा डबा, उद्घाटनाची फीत, यांतून यंत्र येते. दरमहाचे बिल येत नाही. पथदिव्यांच्या वीजबिलांची थकबाकी साचल्यावर गावेच्या गावे कशी अंधारात जातात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून बिलाचा एक हिस्सा पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टीतून, यावा आणि तो वार्षिक आराखड्यात स्वतंत्र ओळीवर लिहिलेला असावा. उरलेले जिल्हा परिषद आणि राज्य यांनी द्यावे. बडोद्याची तीन हिश्शांची रीत मला आजही याहून चांगली सुधारता येत नाही. ज्या घराने वर्षाला काही रुपये त्यात घातले आहेत ते घर वायफाय बंद पडल्यावर विचारायला जाईल. भेट म्हणून आलेल्या वस्तूबद्दल कोणी विचारत नाही.

कोण काय पाहते याची नोंद कायद्याला लागते तेवढीच राहावी आणि ती सरपंचाच्या टेबलावर तर कधीच येऊ नये. गाव लहान असते, निवडणुका चुरशीच्या असतात. वाचनालयात कोणी कोणते पुस्तक नेले हे चावडीवर वाचून दाखवत नाहीत; हाही शिष्टाचार तसाच पाळला जावा.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या ग्रामसभा २६ जानेवारीला भरतील. बहुतेक ठिकाणी झेंडावंदनानंतर थोडी माणसे थांबतील, बाकीची घरी जातील. थांबणाऱ्यांनी पुढच्या वर्षाच्या आराखड्यात एक ओळ मागावी: ‘सार्वजनिक वाचनालयातील इंटरनेट, बारा महिन्यांचे बिल’. रक्कम लहान असेल. पण ती गावाने लिहिलेली असेल, आणि पुढच्या ग्रामसभेत तिचा हिशेब कोणी तरी विचारू शकेल.